फळ्यावर न मावलेला उंदीर

आमच्या मराठी मंडळाच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. आठ वर्षांपूर्वी मी रिटायर झालो, तेव्हापासून त्यावर रोज सकाळी तीन बातम्या लिहितो. एक राजकारणाची, एक अर्थकारणाची, एक विज्ञानाची. आणि सगळ्यांच्या खाली एक ओळ शेरा. शेरा हा शब्द नोकरीतला. मी इथल्या, रायपूरजवळच्या पोलाद प्लांटच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर अलॉटमेंटच्या सेक्शनला बाबू होतो, आणि बाबूला शेरा मारल्याशिवाय चैन पडत नाही. नोकरी संपली, फाइली गेल्या, खोड राहिली.

मंडळात येणारे बहुतेक जण सत्तरीच्या आसपासचे. कुणाचा मोतीबिंदू काढलेला, कुणाचा पिकायची वाट बघणारा. त्यामुळे अक्षर चार बोटं उंच काढावं लागतं. एका ओळीत सहा-सात शब्द मावतात, फार तर आठ. वर्तमानपत्रवाल्यांना चार कॉलम लागतात ते मी एका ओळीत बसवतो, याचा मला बराच गर्व होता. बातम्या हिंदी पेपरांतून घ्यायच्या, कारण नागपूरचा मराठी पेपर रेल्वेनं यायचा तो कधीचा बंद झाला. मग त्यांचं मराठी करायचं. त्या सबंध रस्त्यावर मराठीत लिहिलेलं तेवढंच. मिठाईच्या दुकानाची पाटी हिंदीत, कोचिंग क्लासची इंग्रजीत, आणि आमची नातवंडं फळ्यासमोर उभी राहून विचारतात, "नानाजी, इसमें क्या लिखा है?"

लोक शेरा आधी वाचतात हे मला माहीत होतं. मतदान संपलं त्या संध्याकाळी तीन वाहिन्यांनी तीन वेगवेगळी सरकारं निवडून आणली. मी शेरा लिहिला, 'शपथविधीला मांडव मोठा घ्यावा.' निवडणुकीच्या आधी सगळ्यांनी धानाला चढता भाव कबूल केला तेव्हा लिहिलं, 'वचनं सगळे एकाच दुकानातून आणतात असे दिसते.' देशाची अर्थव्यवस्था जगात आणखी एक पायरी वर चढली, त्या दिवशी, 'पायरी कोणत्या जिन्याची ते कळवावे.' कृत्रिम बुद्धी आता कारकुनांची कामं करणार, अशी बातमी आली. ती मला झोंबली. मी लिहिलं, 'आधी तिला जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणायला शिकवा.' आणि सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारनं पोलादावर कर लावला, उठवला, पुन्हा लावला, त्या आठवड्यात फळ्यासमोर अशी गर्दी, की जणू प्रत्येकाच्या घरची पोलादी पत्र्याची गुंडाळी बंदरावरून परत आली आहे. पोलादावर आमची दोन पिढ्यांची चूल पेटली, तेव्हा गर्दी होणारच. त्या दिवशी शेरा सुचला नाही.

विज्ञानाच्या बातमीवर माझा विशेष राग. सोमवारी कॉफीनं हृदय सुधारतं, गुरुवारी बिघडतं. 'संशोधनातून सिद्ध' असं छापायचं आणि कुणी केलं, कुणावर केलं, किती जणांवर केलं, ते सांगायचं नाही. मंडळातल्या कट्ट्यावर मी यावर तावातावानं बोलत असे. अर्धवट लिहिण्यापेक्षा लिहू नये, असं माझं म्हणणं होतं. लोक माना डोलवत.

माझा सगळ्यात इमानी वाचक म्हणजे भाऊ. रोलिंग मिलमधून रिटायर झालेले, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, मूळ भंडाऱ्याकडचे. मिलच्या आवाजात सारी नोकरी गेली आणि आवाजानं कान नेले. उजवा पार गेला, डाव्याशी तोंड नेऊन ओरडलं तर काही ऐकू येई. टीव्ही म्हणजे त्यांच्यासाठी नुसती तोंडं हलवणारी माणसं, मोबाइल साधा बटणांचा आणि तोही घरी पडलेला. म्हणून फळा हीच त्यांची बातमी. सकाळी सातला सायकलवरून येत, एक पाय जमिनीवर टेकवून वाचत, आणि शेरा वाचून एवढ्या मोठ्यानं हसत की रस्त्यावरचे लोक वळून बघत. आपलं हसू आपल्याला ऐकू येत नसलं की माणूस मनमोकळा हसतो. मी शेरे त्यांच्यासाठीच लिहीत होतो म्हटलं तरी चालेल.

कानाची मशीन घ्या म्हणून लोक त्यांच्या मागे लागून थकले होते. या हिवाळ्यात ते आपणहून तयार झाले. सिविक सेंटरमधल्या दुकानात जाऊन कानाचा साचा देऊन आले. "अजून कान गेले, बाबू," ते मला म्हणाले, "आता तं बायकोचंबी ऐकू नाई येऊन राहिलं." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. अधिक काही विचारलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पेपरात एक बातमी आली. आतल्या पानावर, कोपऱ्यात. कुठल्याशा देशातल्या संशोधकांनी उंदरांच्या कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा वाढवल्या, त्यांना थोडं ऐकू येऊ लागलं. मला लगेच भाऊ आठवले. म्हटलं, आज त्यांच्या कामाची बातमी. पण नेमका त्याच दिवशी मंत्रिमंडळात फेरबदल झालेला. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं खातं कुणाकडे, याला दोन ओळी लागल्या. अर्थकारणाची एक. विज्ञानाला उरली एकच. मी लिहिलं, 'गेलेले कान परत! कानातल्या पेशी पुन्हा वाढवल्या.' उंदीर मावेना. तो मी गाळला. शेरा होता, 'आता घरोघरी खरे ऐकू येईल, सांभाळून राहा.'

भाऊ आले, पाय टेकवला, वाचलं. हसले नाहीत. पुन्हा एकदा वाचलं. मग मला म्हणाले, "बाबू, हे पक्कं काय?"

मी होकारार्थी मान हलवली. बातमी पक्की होती. उंदरांपुरती पक्की होती, पण एवढं सगळं मानेनं सांगता येत नाही, आणि लोकांनी लिहून सांगावं म्हणून ते खिशात बाळगत ती वही मागून लिहीत बसायचा मला कंटाळा आला. चहा यायचा होता.

चार दिवसांनी वहिनी मंडळात आल्या, भाऊंच्या बायको. त्या कधी येत नसत. गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, काय लिवलं जी तुमी फळ्यावर? मशीन कॅन्सल करून आले हे."

आवाज घासत येत होता. पुढे झुकून ऐकावं लागलं. त्यांना मी ओळखत होतो ती खणखणीत आवाजाची बाई म्हणून. भाऊंना हाक मारली की चौथ्या घरातला कुत्रा उठून बसे.

"गळ्यात गाठ हाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात नागपूरले आपरेशन हाय. डॉक्टर म्हणते, आवाज राहीन का नाई सांगता येत नाई. अन् तोवर ओरडायचं नाई म्हणते. ओरडल्याबिगर तं याइले ऐकू येत नाई."

"भाऊंना माहीत आहे?"

"गळा दाखवायले जातो, एवढं माईत हाय. त्याइले वाटते, त्याइचे कान अजून गेले. मी तसंच राहू देलं. मशीन आली का मीच सांगन म्हटलं, माझ्या तोंडानं. पोरीलेबी बजावलं, तू बापाले काई लिवू नको." मफलर सारखा करत त्या म्हणाल्या, "आवाज हाय तोवर त्याइनं ऐकावं, एवढंच हाय माझं."

मी त्यांना सांगितलं, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो. त्या म्हणाल्या, "मशीन घ्यायले लावा फक्त. बाकी मी सांगन."

त्या गेल्यावर मी फळ्याकडे पाहत उभा राहिलो. मला लाज वाटली. पेपरवाल्यांना रोज शिव्या घालणारा मी, आणि एका उंदरापुरती जागा काढता आली नाही. मंत्र्यांची एक ओळ कमी केली असती तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. त्यांतले निम्मे कुठल्या खात्याचे झाले ते मलाच आठवत नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी मी भित्र्यासारखाच वागलो. घरी जाऊन सांगायचं सोडून फळ्यावर दुरुस्ती लिहिली. 'चूक झाली. कानाचा प्रयोग उंदरांवर. माणसांवर नाही.' शेरा लिहिला नाही. भाऊ आले, त्यांनी वाचलं आणि ते एकदम खुशीत हसले.

"उंदरायले ऐकू येऊन राहिलं ना? मंग झालं तं. आपलाबी नंबर लागंन."

मी त्यांच्याकडून वही घेतली आणि लिहिलं, 'मशीन कॅन्सल का केली?'

ते आजूबाजूला बघून हळू बोलायला गेले. त्यांचं हळू म्हणजे आपलं साधं बोलणं. "मशीन घेतली तं यादीतून नाव कटन ना, बाबू! तुमाले काय सांगायचं? तुमीच तं कापत होते."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. हिंदीत केलेला अर्ज होता. श्रवण पेशींच्या उपचाराकरता प्रतीक्षा यादीत माझं नाव ज्येष्ठतेनुसार घेण्यात यावं, अशी विनंती. वर एका दवाखान्याचा आवक शिक्का, खाली तारीख. आवक बारीवरचा माणूस समोर आलेल्या कागदावर शिक्का मारतो, आत काय लिहिलंय ते बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं.

ज्यांनी टाउनशिपमध्ये आयुष्य काढलं नाही त्यांना यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. इथे सगळं यादीनं मिळालं. क्वार्टर यादीनं, गॅस यादीनं, पोरांची शाळा यादीनं. लहान माणसाला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. नंबर लागेपर्यंत थांबलं की झालं. भाऊंसारख्या, शेतातून उठून आलेल्या माणसाला ही गोष्ट फार मोठी वाटे. पण क्वार्टरच्या यादीला एक नियम होता. मोठ्या क्वार्टरसाठी नाव लावलेलं असताना मधेच छोटं घेतलं, तर मोठ्याच्या यादीतून नाव कटायचं. भाऊंचं असंच झालं होतं. गावाहून आजारी आई आणली, तिला जिना चढवेना, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं क्वार्टर रिकामं होतं, ते त्यांनी घेतलं. मोठ्याचा नंबर तेव्हा अगदी जवळ आला होता. मी तेव्हा तरुण होतो, नियमाचा कडक होतो. त्यांच्या नावावर लाल रेघ मी मारली. त्याच दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला, पुढे त्यांनी तेच क्वार्टर लीजवर घेतलं.

म्हणजे हा धडा त्यांना मीच दिला होता, आणि ते तो चोख पाठ करून बसले होते. छोटं घ्यायचं नाही, मोठ्यासाठी थांबायचं.

एक क्षण माझ्या डोक्यात आलं, की एक टिपण करावं. मजकूर तोंडात तयार होता. 'अर्जदाराने मशीन घेतल्यास त्याच्या ज्येष्ठता क्रमांकास बाधा येणार नाही.' खाली सही, तारीख. भाऊंनी ते डोळे झाकून मानलं असतं आणि लगेच सिविक सेंटर गाठलं असतं. काम दहा मिनिटांत झालं असतं. पण अर्धवट खरं लिहून एवढं झालं होतं. आता पुरतं खोटं लिहायला माझा हात होईना.

मी त्यांना मंडळाच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि वहीत लिहू लागलो. पहिल्यांदा लिहिलं, 'यादी नाही.'

"अजून निघाली नसंन," ते म्हणाले.

'निघणार नाही. कुठेच यादी नाही. याद्या मी बनवायचो, मला माहीत आहे. आत्ता फक्त उंदीर आहेत. माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील, कुणाला माहीत नाही. आपल्या हयातीत येईल असं वाटत नाही.'

त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून वाचलं. मी परत घेतली आणि लिहिलं, 'उंदीर मी गाळला. जागा नव्हती म्हणून. चूक माझी आहे.'

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे आजवर मी वाचलं थे सारं असंच काय? जागा पाहून लिवलेलं?"

हो म्हणावं तर आठ वर्षं जातात, नाही म्हणावं तर खोटं. मी लिहिलं, 'बरंचसं.' आणि खाली, 'वहिनींचं ऐकायचं असेल तर मशीन आज घ्या.' याहून जास्त सांगायची मला परवानगी नव्हती.

भाऊ उठले. माझ्यावर रागावले होते, ते दिसत होतं. सायकल तिथेच ठेवून आम्ही ऑटोनं सिविक सेंटरला गेलो. वाटभर ते बाहेर बघत होते. दुकानदारानं सांगितलं, साचा कॅन्सल केला होता, पुन्हा घ्यावा लागेल, रायपूरला पाठवावा लागेल, वेळ लागेल. मी त्याला ऑपरेशनची तारीख सांगितली. त्यानं हात वर केले नाहीत, पण वचनही दिलं नाही. माझ्यामुळे मधले दिवस फुकट गेले होते. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फळ्यावर बातम्या लिहीत होतो. बाजार वर गेला, बाजार खाली आला, कुणी पक्ष सोडला, कुणी पक्षात आलं. भाऊ येत होते, वाचत होते, हसत नव्हते.

मशीन आली ती नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी. दुकानदारानं कानात बसवून दिली. भाऊंनी पहिल्यांदा ऐकला तो दुकानातला पंखा, आणि ते दचकून वर बघू लागले. बाहेर आल्यावर ऑटोवाल्यांच्या हॉर्ननं त्यांनी दोन्ही हात कानांवर धरले. मी विचारलं, "येतंय का ऐकू?" साध्या आवाजात विचारलं. ते म्हणाले, "बाबू, तुमचा आवाज तं पार म्हातारा झाला."

मी त्यांना घरी सोडलं आणि फाटकातून परत फिरलो. वहिनी दारात उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी काय झालं ते भाऊंनी मला नागपूरहून परत आल्यावर सांगितलं. मंडळाच्या पायरीवर बसून, आपल्या नव्या, बेतानं बोलायच्या सवयीनं. "मी खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसलो. म्हटलं, बोल. तं ती डाळीचा डबा कुठं हाय थे सांगू लागली. मंग मिरच्या कुठं. गॅसचं पुस्तक कुठं. कोणता नळ घट्ट करायचा. घंटाभर हेच! मी म्हटलं, अवं, दुसरं काई बोल. तं म्हणते, दुसरं काय असते?" त्यांनी कानातली मशीन चाचपली. "मंग सांगितलं तिनं. आवाजाचं. हळूच बोलली, बाबू. लग्न झाल्यापासून एवढं हळू ती माझ्यासंग कधी बोललीच नाई. बोलताच येत नव्हतं ना तिले."

"मग तुम्ही?"

"मी काय? मी म्हटलं, डबे पुन्हा सांग."

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली, ती वाईट नव्हती. आवाज मात्र आलेला नाही. वहिनी बोलतात तेव्हा नुसती हवा निघते, ओठ बघून समजून घ्यावं लागतं. डॉक्टर म्हणतात, नस दुखावली आहे, काही महिन्यांत सुधारते, कधी कधी सुधारत नाही. यावर कुठे संशोधन चालू आहे का ते मी पेपरात शोधत असतो. सापडलं तरी पूर्ण वाचल्याशिवाय त्यांना सांगणार नाही.

भाऊ पुन्हा सकाळी सातला येतात. बातमी वाचून झाली की मला विचारतात, "काय काय गाळलं?" आणि मी सांगतो. त्यांच्या कानात मशीन चोवीस तास असते. दुकानदारानं बजावलं आहे की झोपताना काढून ठेवा, कानाला हवा लागू द्या, बॅटरीही वाचते. ते काढत नाहीत. कानामागे लाल चट्टा पडला आहे. परवा मीही त्यांना रागावलो, रात्री काढत का नाही म्हणून.

"रातच्याले आवाज आला तिचा, अन् मशीन टेबलावर असंन तं?" ते म्हणाले.

बॅटरी सिविक सेंटरच्या त्याच दुकानात मिळते. दर आठवड्याला एक पाकीट मी आणून देतो.